सांबरासाठी रायफल कोणती घ्यावी? या एका प्रश्नावर पुस्तक लिहिणारा पचमढीचा कॅप्टन फोर्सिथ

जुळे सोलापुरातून गाडी काढायची, शहर ओलांडून बार्शी रोडला लागायचं. थोड्याच वेळात नान्नजचं माळरान येतं. माळढोकसाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं ते हेच. आज माळढोक दिसणं ही नशिबाची गोष्ट, पण काळवीट दिसतात. फक्त माणसाने त्यांना बघण्याआधी त्यांनी माणसाला बघितलेलं असतं. सगळं उघडं रान, झाडं तुरळक. दोन-तीनशे मीटरवर असतानाच कळप उड्या मारत पसार होतो.

आता याच्या बरोबर उलट चित्र डोळ्यांसमोर आणा. सातपुड्याचं जंगल. साग, बांबू आणि खोल दऱ्या. इथलं सांबर चाळीस-पन्नास पावलांवर उभं असलं तरी पटकन दिसत नाही, आणि दिसलं तर क्षणभरच. काळविटाचं वजन साधारण चाळीस किलो, तर सांबराचा मोठा नर अडीचशे किलोंच्याही पुढे जातो.

आज या दोघांवरही बंदूक रोखणं हा गुन्हा आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी शिकार हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा राजरोस खेळ होता. त्या काळात प्रत्येक शिकाऱ्याला एक प्रश्न पडायचा. कुठल्या जनावरासाठी कुठली रायफल घ्यायची आणि त्यात गोळी कुठली भरायची?

बहुतेक जण याचं उत्तर ऐकीव गोष्टींवर शोधायचे. एका तरुण अधिकाऱ्याने मात्र हिशेब मांडून त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव कॅप्टन जेम्स फोर्सिथ.

नावावरून गोंधळ नको. बंदुकीचा बार ठिणगीऐवजी रसायनाच्या ठोक्याने उडवण्याची युक्ती काढणारे स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ वेगळे. हा जेम्स फोर्सिथ म्हणजे पचमढीवाला.

नागपूरहून चालणारा कारभार आणि सातपुड्यातला साहेब

जेम्स फोर्सिथचा जन्म 1838 चा. इंग्लंडमध्ये शिक्षण झालं आणि ऐन तारुण्यात तो हिंदुस्थानात आला. 1861 मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत तयार केला. राजधानी नागपूर. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे आजचे महाराष्ट्रातले भाग आणि नर्मदेच्या दोन्ही बाजूंचा मोठा मुलूख त्यात होता. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले रिचर्ड टेंपल तेव्हा या प्रांताचे चीफ कमिशनर होते.

टेंपल यांच्यापुढे एक अडचण होती. प्रांत ताब्यात होता, पण त्यातल्या डोंगरांची नीट माहिती सरकारकडे नव्हती. जंगल किती, साग किती, कोण लोक राहतात, हे सगळं फिरून बघायला माणूस हवा होता. फोर्सिथ जंगल खात्यात रुजू झाला आणि हे काम त्याच्याकडे आलं.

1862 मध्ये तो पचमढीच्या पठारावर पोहोचला. तिथे त्याने स्वतःसाठी एक बंगला बांधला, तोच बायसन लॉज. पचमढीला जाऊन आलेल्यांना प्रियदर्शिनी पॉइंट आठवत असेल. त्याचं जुनं नाव फोर्सिथ पॉइंट.

फोर्सिथने पचमढी शोधली असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पण तो यायच्या कितीतरी आधीपासून हे डोंगर गोंड आणि कोरकूंचे होते. महादेवाच्या यात्रेसाठी भाविक इथे येतच होते. आजही नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून हजारो लोक जातात. फोर्सिथने पचमढी शोधली नाही, ती सरकारच्या नकाशावर आणली.

1862 ते 1864 या काळात तो मध्य प्रांतभर हिंडला, पार नर्मदेच्या उगमापर्यंत, अमरकंटकपर्यंत. सोबत गोंड आणि कोरकू वाटाडे असायचे. माग कसा काढायचा, सांबर दिवसा कुठे बसतं, पाण्यावर कधी येतं, हे ज्ञान त्यांचं होतं. रायफल तेवढी साहेबाची.

खरी अडचण जखमी जनावराची

तेव्हाच्या बंदुका ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची. काडतूस म्हणजे कागदाच्या पुडीत बांधलेली दारू आणि गोळी. 1857 मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती याच प्रकारची. ती एनफिल्ड रायफलची होती, आणि या रायफलीची गोळी लांबट होती.

लांबट गोळी दूर जाते, म्हणून फौजेला ती आवडायची. फौजेचं बघून शिकारीही तीच घेऊ लागले. घोळ झाला तो इथे.

लांबट गोळी तिच्या जाडीच्या मानाने जड असते. तिच्यामागे दारू वाढवली की खांद्याला बसणारा धक्का सोसत नाही. म्हणून दारू बेताची ठेवायची. मग गोळी सावकाश निघते आणि तिचा मार्ग कमानीसारखा होतो. शंभर यार्डांसाठी धरलेला नेम दीडशे यार्डांवर खाली पडतो.

मैदानावर निशाण किती लांब आहे ते माहीत असतं. जंगलात मध्ये दरी असते, संध्याकाळची वेळ असते आणि सांबर क्षणभरच उभं राहतं. अंतराचा अंदाज वीस-तीस यार्डांनी चुकला तर गोळी छातीऐवजी पोटात किंवा पायात लागते. असं सांबर जागेवर पडत नाही. ते झाडीत शिरतं, काही मैल जातं आणि तासन् तास तडफडून मरतं. शिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. फोर्सिथला हे खटकत होतं.

1860 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने पंचविशी जेमतेम गाठली होती.

उत्तर होतं जुन्या गोल गोळीत

फोर्सिथचं उत्तर लोकांना उलटं वाटणारं होतं. सगळे लांबट गोळीकडे चाललेले असताना तो म्हणत होता की जंगलातल्या शिकारीसाठी जुनी गोल गोळीच बरी. पण नळी मोठी हवी, दारू भरपूर हवी आणि नळीच्या आतला पीळ अगदी सावकाश हवा.

हे पिळाचं प्रकरण समजून घ्यायला विटी-दांडू आठवा. विटी लांबट असते, ती हवेत कोलांट्या खाते. चेंडू कसाही फिरला तरी चेंडूच राहतो. लांबट गोळी सरळ जायला तिला जोरात फिरवावं लागतं. त्यासाठी नळीच्या आत पीळदार खाचा असतात. गोल गोळीला इतकं फिरवायची गरज नसते. उलट पीळ जास्त असेल आणि दारूही जास्त असेल, तर गोळी खाचा सोडून सरळ घसरत निघते आणि नेम बिघडतो.

आता आकडे बघू. फोर्सिथच्या आवडीची रायफल 14 बोअरची. म्हणजे एक पौंड शिशातून 14 गोळ्या होतील एवढी गोळी. वजन साधारण 32 ग्रॅम, जाडी साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. तिच्यासाठी त्याने सुचवलेला पीळ होता 104 इंचांत एक फेरा. एनफिल्डमध्ये हाच फेरा 78 इंचांत पूर्ण व्हायचा. 26 इंचांची नळी धरली तर फोर्सिथची गोळी बाहेर पडेपर्यंत फक्त पाव फेरा घ्यायची. गोल गोळीला तेवढा पुरतो.

फायदा असा की गोळी वेगात निघायची आणि पहिल्या शंभर-सव्वाशे यार्डांत जवळपास सरळ जायची. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फार हलायचा नाही. शिवाय जाड गोळीमुळे जनावर लवकर पडायचं.

तोटाही होता. गोल गोळीचा वेग हवेत भराभर कमी होतो. नान्नजसारख्या माळावर तीनशे मीटरवरच्या काळविटासाठी ही रायफल कुचकामी ठरली असती. फोर्सिथ तिला सगळीकडची रायफल म्हणतही नव्हता. जिथे बहुतेक नेम शंभर यार्डांच्या आत धरले जातात त्या जंगलासाठी त्याचा हिशेब होता.

पुस्तक आलं आणि बंदूकच बदलली

फोर्सिथचं नशीब असं की त्याचं उत्तर फार काळ टिकलं नाही. थोड्याच वर्षांत मागून भरायच्या बंदुका आणि धातूची काडतुसं आली. एक्सप्रेस रायफल आली. शतक संपता संपता बिनधुराची दारू आली आणि लहान, लांबट गोळीसुद्धा प्रचंड वेगाने जाऊ लागली. गोल गोळी मागे पडली.

तोवर फोर्सिथही राहिला नव्हता. जंगल खात्यातून तो निमाडमध्ये सेटलमेंट अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावर त्याने मोठं पुस्तक लिहिलं. जंगलं, गोंड-कोरकूंचं जगणं, गवे, वाघ, बारशिंगे असं सगळं त्यात होतं. लंडनमध्ये ते छापलं जात असतानाच 1 मे 1871 रोजी तो वारला. वय अवघं 33. पुस्तक त्याच वर्षी आलं, पण त्याला ते बघता आलं नाही.

मग आज फोर्सिथ कुणाला आठवतो?

अमेरिकेत. तिथे एल्क नावाचं मोठं हरीण आहे. त्याचा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो, म्हणजे साधारण आपल्या मोठ्या सांबराचाच भाऊ. कोलोरॅडोसारख्या राज्यात परवाना काढून त्याची कायदेशीर शिकार होते आणि ठासणीच्या बंदुकांसाठी वेगळा हंगाम असतो. त्या बंदुकांच्या हौशी लोकांत सावकाश पिळाच्या नळीला आजही फोर्सिथ रायफलिंग म्हणतात.

जखमी जनावराचा त्याचा मुद्दा तर थेट कायद्यात उतरला आहे. कोलोरॅडोत ठासणीच्या बंदुकीने साधं हरीण मारायचं तर नळी किमान .40 कॅलिबरची लागते, एल्कसाठी किमान .50. जनावर मोठं असेल तर गोळीही त्या मापाची हवी, शिकाऱ्याच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही.

भारतात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. रायफली सुधारत गेल्या आणि जंगलं रिकामी होत गेली. फोर्सिथने ज्या बंजर नदीच्या खोऱ्यात बारशिंगे पाहिले, तिथे आज कान्हा राष्ट्रीय उद्यान आहे. शिकार, रोगराई आणि गवताळ कुरणं कमी होणं, या सगळ्यामुळे 1970 मध्ये कान्हात फक्त 66 बारशिंगे उरले होते. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हरणांच्या शिकारीवर कडक निर्बंध आले. कान्हाचे बारशिंगे हळूहळू वाढले. 2015 मध्ये त्यांतले काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पातल्या बोरीच्या जंगलात आणून सोडले. बोरी पचमढीच्या पायथ्याला आहे, फोर्सिथच्या बंगल्यापासून जवळच.

आता नान्नजला जाणारे लोक मोठी लेन्स घेऊन जातात आणि पचमढीच्या जंगलात लहान लेन्सवरही काम भागतं. जनावर किती लांब असणार आणि किती वेळ दिसणार, हे आधी बघायचं आणि मग हातातलं साधन ठरवायचं. फोर्सिथचा हिशेब हाच होता. फरक एवढाच की आता क्लिक झाल्यावर काळवीट उड्या मारत निघून जातं.