रेषांचा माणूस

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८५ साली बेळगावकडचा एक मुलगा चित्रकला शिकायला आला. वय सोळा. हात चांगला, निरीक्षण बारीक आणि चित्रकार होण्याची मनापासून इच्छा. पुढे असे लक्षात आले की, या मुलाला काही रंग एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. गवयाला सूर न कळावा, तशीच ही गोष्ट. दुसरा एखादा वळकटी बांधून गावी परतला असता. या मुलाने रंगांचा वर्ग सोडला, पण चित्रशाळा सोडली नाही. तिथे यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकवत असत, त्या वर्गात तो जाऊन बसला. तिथे रंगांचे काही काम नव्हते. पांढरा कागद, काळी शाई, पट्टी आणि कंपास, एवढेच साहित्य.

हा मुलगा म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, गुर्लहोसूरचा. किर्लोस्कर हे नाव आज आपण पंपावर, इंजिनावर वाचतो आणि पुढे जातो. त्या नावामागचा मूळ माणूस हा एक ड्रॉइंग मास्तर होता, ही गोष्ट मला नेहमीच फार मोलाची वाटत आली आहे.

यंत्राचे रेखाचित्र हा प्रकार दिसायला रुक्ष. साध्या बोल्टचे समोरून, बाजूने आणि वरून असे तीन देखावे काढायचे. जी कड डोळ्यांना दिसत नाही ती तुटक रेषेने दाखवायची. मध्य कुठे ते लांब-आखूड तुकड्यांच्या रेषेने सांगायचे आणि प्रत्येक माप आकड्यात लिहायचे. पण या रुक्षपणात एक मोठी जबाबदारी दडलेली असते. ज्याने चित्र काढले त्याला कधीही न भेटलेल्या कारागिराने, केवळ तो कागद पाहून, ती वस्तू जशीच्या तशी घडवायची असते. मापात चूक झाली तर लोखंड फुकट जाते. भिंतीवरच्या चित्राचे एक वेळ भागून जाते, या चित्राला मात्र कारखान्यात जाऊन परीक्षा द्यावी लागते.

लक्ष्मणराव या विद्येत इतके तयार झाले की, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्ही. जे. टी. आय.मध्ये, त्यांना हाच विषय शिकवायची नोकरी मिळाली. वर्गाच्या वेळेबाहेर ते तिथल्या यंत्रांपाशी रमत. यंत्र कसे उघडायचे, कुठे झिजते, कशाने बिघडते, हे त्यांनी कोणत्याही पदवीवाचून, हात काळे करून शिकून घेतले. फळ्यावर काढलेली रेषा आणि लेथवर कापले जाणारे लोखंड या दोन्हींची ओळख एकाच माणसाला झाली. पुढचे सगळे आयुष्य या जोडीवर उभे राहिले.

आता वाचकांना वाटेल की, बँकेतून निवृत्त होऊन अंजनवेलला खाडीच्या मुखाशी येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे सारे आज का आठवावे? कारण आमच्या वाडीत उभा राहिलेला एक अगदी आजचा प्रश्न. आमच्या या भागात १९९० च्या दशकात वीजप्रकल्प आला. पुढे त्याचे जे काही झाले ते सर्वांना माहीत आहे, पण त्या बांधकामाच्या निमित्ताने गोपाळगडाच्या आसपासच्या कितीतरी घरांत फिटर आणि वेल्डर तयार झाले. अशाच एका घरातला मुलगा यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन पुण्याकडे सहा-सात वर्षे नोकरी करून गावी परत आला आहे. चिपळूण, लोटे परशुराम या बाजूच्या फॅब्रिकेशनवाल्यांना संगणकावर आराखडे करून द्यायचे आणि त्यावरून सीएनसी यंत्राला लागणारा प्रोग्रॅमही तयार करून द्यायचा, असा त्याचा बेत. पूर्वी ज्याला यंत्राचे ड्रॉइंग म्हणत, तेच आता संगणकावर होते. त्याला कॅड म्हणतात. आणि त्या आराखड्यावरून यंत्राचे हत्यार कुठून कसे फिरवायचे हे संगणकानेच ठरवले की त्याला म्हणतात कॅम.

तो कर्जासाठी जमवलेली कोटेशन्स घेऊन माझ्याकडे आला. घरच्या आंब्याच्या कलमांवर आणि आईच्या बांगड्यांवर सगळ्यांचे डोळे होते, तेव्हा प्रश्न किरकोळ नव्हता. संगणकाच्या कोटेशनमध्ये निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डाची होती. दुकानदाराने खेळांसाठी बनवलेले, सर्वांत वरच्या श्रेणीचे कार्ड सुचवले होते. मुलाचे म्हणणे, काका, एकदाच घ्यायचे तर सर्वांत चांगलेच घेऊ.

हे कार्ड करते काय, ते घरातल्या मंडळींनाही समजेल असे सांगतो. बँकेच्या शाखेत आत बसून लेजर लिहिणारा एक कारकून असतो आणि बाहेर काउंटरवर गिऱ्हाइकाला तोंड देणारा दुसरा. संगणकातला मुख्य प्रोसेसर हा आतला कारकून. ग्राफिक्स कार्ड हा बाहेरचा, आतला हिशेब पडद्यावर झरझर दाखवणारा. आराखड्यातले एखादे माप बदलले की सगळा नमुना नव्याने बांधण्याचे काम मुख्यतः आतल्या कारकुनाचे, आणि त्यातही बहुतेक वेळा तो एकटाच ते एकामागून एक करत असतो. कॅममधला हत्याराच्या वाटेचा हिशेबही बहुतांशी त्याच्याच गळ्यात. आतला मंद असेल तर बाहेर चार माणसे बसवून रांग हटत नाही. बाहेरच्याचा उपयोग होतो तो शेकडो सुट्या भागांची मोठी जुळणी पडद्यावर फिरवून पाहायची असेल तेव्हा. तिथे कार्डाला स्वतःची स्मृती पुरेशी हवी, नाहीतर चित्र अडखळते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. खेळांची कार्डे आणि कामाची कार्डे आतून पुष्कळशी सारखीच असतात. फरक असतो तो त्यांना चालवणाऱ्या प्रणालीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये. एनव्हिडिया आणि एएमडी या कंपन्या व्यावसायिक कामासाठी वेगळी कार्डे काढतात आणि सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरचे निर्माते ती तपासून, कोणते कार्ड कोणत्या ड्रायव्हरसह चालेल, याच्या याद्या प्रसिद्ध करतात. त्याच पैशात खेळांचे कार्ड अधिक वेगवान असते. पण खेळात एखादी कड क्षणभर नाहीशी झाली तर कोणाचे बिघडत नाही. आराखड्यात ती नाहीशी झाली, किंवा काम चालू असताना सगळे बंद पडले, तर दिवस बुडतो. छायाचित्रासारखी हुबेहूब चित्रे करून द्यायची असतील, तर मात्र जोरकस कार्डाला पर्याय नाही. या मुलाला ती करायची नव्हती. त्याची गिऱ्हाइके टाक्या, जिने, पाइपांचे आधार आणि फ्लँज बनवणारी.

मी त्याला एवढेच सुचवले की, आपल्याला मिळू शकेल अशा कामातला सर्वांत अवघड आराखडा पेन-ड्राइव्हवर घे आणि चिपळूणला किंवा पुण्याला ओळखीच्या कचेरीत दोन निरनिराळ्या संगणकांवर उघडून बघ. त्याने तसे केले. मधल्या श्रेणीच्या व्यावसायिक कार्डावर त्याचे काम विनाअडथळा चालले. वाचलेल्या पैशांतून त्याने प्रोसेसर अधिक चांगला घेतला, स्मृती वाढवली, दुसरा पडदा घेतला आणि पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावासाठी बऱ्यापैकी यूपीएस घेतला. समुद्राच्या खाऱ्या हवेत यंत्रे लवकर गंजतात, म्हणून संगणक आतल्या कोरड्या खोलीत गेला. कर्जाचा हप्ता जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरला. त्याच्या आईच्या हातातल्या बांगड्या हातातच राहिल्या.

हे सगळे चालले असताना माझ्या मनात वारंवार लक्ष्मणरावांचा मार्ग येत होता. त्यांनी एकदम कारखाना काढला नाही. सायकल ही त्या काळी नवलाई होती. मुंबईहून सायकली घेऊन ते बेळगावला भावाकडे पाठवीत, आणि भाऊ रामूअण्णा तिथे त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव त्या दुकानापासूनचे. मुंबईच्या नोकरीत बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला ती जागा दिली गेली, तेव्हा लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावला आले. दुकान होते म्हणून पायाखाली जमीन होती.

मग त्यांनी लहानशी कर्मशाळा सुरू केली. थोडी यंत्रे आणि स्वतःचे दोन हात. या यंत्रांवर काय बनवावे? विलायती मालाची नक्कल करून बाजारात मिरवता येईल अशा वस्तू पुष्कळ होत्या. लक्ष्मणरावांनी निवडले कडबा कापायचे हातयंत्र. गोठ्यात गुरे आहेत, कडबा तसाच टाकला तर निम्मा पायदळी जातो, बारीक करून घातला तर पुरतो. गरज दारात होती, आणि ती वस्तू आपल्या हत्यारांना झेपणारी होती. मी बँकेत असंख्य प्रकल्प अहवाल वाचले. त्यातले जे बुडाले त्यांत यंत्र आधी आणि काम मागाहून, असा क्रम पुष्कळदा दिसे. इथे क्रम उलटा होता.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. इथे मात्र चांगला आराखडा आणि चांगली वस्तू एवढ्याने भागले नाही. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. ती दोन वर्षे त्या घराने कशी काढली असतील, याचा विचार हप्ते वसूल करण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याने केला तर झोप उडते. तयार माल पडून आहे, भांडवल अडकले आहे, आणि गिऱ्हाईक वस्तूला हात लावायला तयार नाही. लक्ष्मणराव डगमगले नाहीत. शेतकऱ्याने नांगर जमिनीत चालताना पाहिला, खोल नांगरट पाहिली, पुढचे पीक पाहिले, तेव्हा समजूत मोडली.

धंद्याला जरा बाळसे धरले, तोच बेळगावात शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. त्या अडचणीत मदतीला धावले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः उत्तम चित्रकार. रंगांत बुडालेला राजा आणि रंग न ओळखणारा यांत्रिक यांची ही मैत्री मला फार हृद्य वाटते. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात कारखान्यासाठी जागा दिली आणि कर्जही दिले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर वसाहत सुरू झाली. माळ म्हणजे निवडुंग आणि साप यांचे राज्य. जागा उजाड असली तरी रेल्वे लागून होती. ओतकामाचे जड लोखंड आणायचे आणि तयार नांगर देशभर पाठवायचे, तर हिरवळीपेक्षा रूळ जवळ हवेत. ही निवडही कामाकडे पाहूनच झाली. आज त्या स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी आहे.

तिथे शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे अशी जिवाभावाची माणसे जमली. शिक्षणाची मोठी बिरुदे फार थोड्यांपाशी होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिले, आणि तेही रात्रीच्या पहाऱ्याचे. नांगरामागून उसाचे चरक आले, पंप आले. १९२० साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कंपनीचे पत्रक काढले आणि त्यातून पुढे घरोघर वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून अभियंता होऊन आला. पुढे हरिहर, बंगळूर, पुणे असा व्याप पसरला. लेथ, विजेच्या मोटारी आणि डिझेल इंजिने बनू लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

लक्ष्मणरावांच्या वेळी आराखडा काढणारा हात आणि लोखंड कापणारा हात सहसा वेगवेगळ्या माणसांचे असत. कॅड आणि कॅम यांनी ते दोन्ही हात पुन्हा एका टेबलावर आणले आहेत, आणि हे टेबल अंजनवेलच्या एखाद्या पडवीशेजारच्या खोलीतही मावते. ही फार मोठी संधी आहे. पण टेबलावरच्या यंत्राचा दिमाख पाहून कोणी काम देत नाही. लोट्याचा फॅब्रिकेटर एवढेच बघतो की, आलेल्या ड्रॉइंगवरून कापलेली प्लेट पहिल्याच खेपेला बसली की नाही.

सुटीच्या दिवशी जेवणाच्या पानावर मुलाने किंवा मुलीने असा महागडा संगणक मागितला, तर आईवडिलांनी लगेच नाही म्हणू नये आणि लगेच होही म्हणू नये. यावर काय बनणार, ते कोणाला हवे आहे आणि त्यातले सर्वांत अवघड काम कोणते, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली की कार्ड कोणते घ्यायचे हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. लक्ष्मणरावांना संगणक ठाऊक नव्हता आणि सगळे रंगही दिसत नव्हते. गोठ्यातला कडबा मात्र त्यांना स्वच्छ दिसला होता.