संसार विकून घेतलेला रणगाडा

दुसऱ्या महायुद्धाच्या कथा आपण सगळ्यांनीच भरपूर वाचल्या-पाहिल्या आहेत. हॉलिवूडच्या कृपेने नॉर्मंडीचा किनारा तर आपल्याला जुहू चौपाटीइतका ओळखीचा झाला आहे! पण त्याच युद्धात पूर्वेला, रशियाच्या बाजूला जे काही चाललं होतं त्याची माहिती आपल्याला त्या मानाने कमीच. सोव्हिएत लाल सेनेत त्या काळात सुमारे ८ लाख स्त्रिया होत्या. बऱ्याच जणी परिचारिका, डॉक्टर, टेलिफोन ऑपरेटर. काही वैमानिक, काही नेमबाज. रणगाड्यात बसून लढणाऱ्या मात्र अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली अलेक्सांद्रा सामुसेन्को ही तर रणगाड्याची कमांडर होती. बर्लिन पडायला जेमतेम दोन महिने उरले असताना, मार्च १९४५ मध्ये, तिला मरण आलं. आज मात्र मी तुम्हाला गोष्ट सांगणार आहे ती मारिया ऑक्त्याब्रस्कायाची. ही बाई कमांडर नव्हती, चालक होती. आणि जो रणगाडा ती चालवायची, तो तिनेच सैन्याला विकत घेऊन दिला होता.

मारियाची गोष्ट बहुतेक वेळा एका ओळीत संपवतात. नवरा लढाईत गेला, बाई पेटून उठली, रणगाडा घेतला आणि निघाली सूड उगवायला. यात खोटं काही नाही. पण रणगाडा काही नुसत्या संतापावर चालत नाही, मंडळी. त्याला डिझेल लागतं, दणकट मनगटं लागतात आणि यंत्राची जाण लागते. ही जाण तिच्याकडे आली कुठून, हे पाहिलं तरच तिचं आयुष्य नीट समजतं.

मारियाचा जन्म १९०५ साली क्रिमियातल्या कियात नावाच्या खेड्यात, एका युक्रेनियन शेतकरी कुटुंबात झाला. माहेरचं आडनाव गारागुल्या. घरात दहा भावंडं, म्हणजे खाणारी तोंडं भरपूर आणि मिळकत बेताची. मोठी झाल्यावर मारिया अन्न डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला लागली, नंतर टेलिफोन ऑपरेटर झाली. १९२५ साली तिने इल्या र्‍याद्नेन्को या लष्करी माणसाशी लग्न केलं. लग्नानंतर बायकोने नवऱ्याचं आडनाव लावायचं ही रीत आपल्याकडे होती तशी तिथेही होती. पण या दोघांनी दोन्ही घरची आडनावं सोडून दिली आणि एक नवंकोरं आडनाव घेतलं. ऑक्टोबर क्रांतीवरून ऑक्त्याब्रस्की, आणि स्त्रीलिंगी रूप ऑक्त्याब्रस्काया. नवा देश, नवा संसार, नवं नाव!

पुढची सोळा वर्षं मारिया लष्करी अधिकाऱ्याची बायको म्हणून छावण्यांमधून राहिली. आज इथे बदली, उद्या तिथे. ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना हे बिऱ्हाड पाठीवरचं आयुष्य ठाऊक असेल. सामान बांधा, सामान सोडा, पडदे नव्या खिडक्यांना बसतात का बघा. (परदेशी येऊन चार गावं बदललेल्या आपल्या मंडळींनाही ते काही फार परकं वाटणार नाही.) छावणीत अधिकाऱ्यांच्या बायकांचं मंडळ असायचं. मारिया त्यात उत्साहाने उतरली. ती परिचारिकेचं काम शिकली. हत्यारं चालवायला शिकली. मोटार चालवायला शिकली. त्या काळात, विशेषतः खेड्यातून आलेल्या मुलीसाठी, गाडी चालवता येणं ही काही साधी गोष्ट नव्हती. सैनिकाशी लग्न केलं म्हणजे आपणही सैन्याचं काही देणं लागतो, अशी तिची समजूत होती. हे सगळं शिकताना पुढे काय वाढून ठेवलं आहे याची तिला कल्पना असणं शक्यच नव्हतं.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. इल्या आघाडीवर राहिला आणि सैनिकांच्या कुटुंबांना पूर्वेकडे हलवण्यात आलं. मारिया पोचली थेट सायबेरियात, तोम्स्क शहरात. ऑगस्ट १९४१ मध्ये इल्या युक्रेनमध्ये, कीव्हच्या परिसरातल्या लढाईत मारला गेला. युद्धाच्या त्या गोंधळात मैलोगणती सैन्य मागे हटत होतं, ठाणीच्या ठाणी शत्रूच्या हातात जात होती. तिथे कोणाची बातमी कोणाला कळवणार? इल्या गेल्याचं मारियाला समजलं ते उशिरा. तोवर ती एका जिवंत माणसाची वाट पाहत होती.

बातमी कळल्यावर तिने सैन्यात भरती होण्यासाठी अर्ज केला. नकार आला. कारणंही अगदी सबळ होती. तिचं वय पस्तिशीपुढे गेलेलं, त्यात पूर्वी मानेच्या मणक्यांचा क्षयरोग होऊन गेलेला. अशा बाईला आघाडीवर कोण पाठवणार? भरती कार्यालयातल्या माणसाच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

त्या दिवसांत सोव्हिएत संघात लोक सैन्यासाठी देणग्या देत असत. गावंच्या गावं, कारखाने, शाळा पैसे जमा करून विमान किंवा रणगाडा देत आणि त्यावर आपल्या पसंतीचं नाव घालून घेत. मारियाने यातूनच वाट काढली. तिने घरातलं होतं नव्हतं ते सगळं विकलं. नवऱ्यामागे उरलेल्या घरातल्या वस्तू म्हणजे नुसत्या वस्तू नसतात, हे काही वेगळं सांगायला नको. एवढ्यानेही भागेना, तेव्हा ती आणि तिची बहीण भरतकाम करून ते विकू लागल्या. एकेक टाका घालत, पै-पै जोडत अखेर ५०,००० रूबल जमले.

ही रक्कम तिने बँकेत भरली आणि १९४३ साली थेट स्टालिनला तार केली. तारेत तिने आपला नवरा लढाईत मारला गेल्याचं कळवलं, या पैशातून एक रणगाडा बांधावा आणि त्याला आपण सांगू ते नाव द्यावं अशी विनंती केली. इथपर्यंत तार इतर देणगीदारांसारखीच होती. पण पुढे तिने आणखी एक मागणी केली. त्या रणगाड्याची चालक म्हणून आपल्यालाच आघाडीवर पाठवा! पूर्वीच्या अर्जात सांगण्यासारखं तिच्याकडे फक्त दुःख होतं. आता हातात पैसे होते, आणि गाडी व हत्यार चालवण्याचं शिक्षणही होतं. स्टालिनने होकार कळवला.

आता इथे थोडं थांबून विचार करायला हवा. स्टालिनच्या राज्यात असा होकार काही केवळ सहृदयतेपोटी येत नसे. पतीच्या मृत्यूनंतर रणगाडा देणारी वीरपत्नी ही सरकारच्या प्रचारासाठी उत्तम बातमी होती. तिच्याकडून लोकांनी स्फूर्ती घ्यावी, आणखी देणग्या द्याव्यात, हा हिशेब त्यात होताच. आघाडीवरच्या जवानांनाही सुरुवातीला हा सगळा देखावाच वाटला. चार दिवस फोटो काढतील आणि बाई घरी जाईल, अशी चेष्टा झाली. पण मारियाला देखावा करायचा नव्हता. त्या काळात रणगाडा चालकांना जुजबी शिकवून घाईघाईने लढाईत ढकललं जाई. तिने मात्र पाच महिन्यांचं पूर्ण प्रशिक्षण घेतलं.

तिला मिळाला टी-३४ हा मध्यम रणगाडा. वजन जवळजवळ ३० टन, ५०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आणि आत चार माणसं. चालक पुढे डावीकडे बसतो. स्टिअरिंग व्हील नसतंच, त्याऐवजी दोन दांडे. डावा ओढला की डावा पट्टा थांबतो आणि गाडी डावीकडे वळते, उजवा ओढला की उजवीकडे. गिअर तर इतके जड की भल्याभल्या पुरुषांचे हात भरून यायचे. लढाईत समोरची झडप बंद केली की फटीतून दिसेल तेवढंच जग. आत इंजिनाचा असा गोंगाट, की पुष्कळदा कमांडर वरून चालकाच्या खांद्यावर बुटाने दाबून कुठे वळायचं ते सांगायचा. मानेचा आजार होऊन गेलेली बाई या जागेवर बसत होती.

रणगाड्याच्या बुरुजावर तिने सांगितलेलं नाव रंगवलं होतं. रशियनमध्ये ‘बोयेवाया पोद्रुगा’. मराठीत म्हणायचं तर ‘रणसखी’. वाचणाऱ्याला वाटावं की ही सखी म्हणजे रणगाडा. पण नवऱ्याच्या जागी लढायला निघालेल्या बायकोनेच ते नाव निवडलं होतं, हे लक्षात घेतलं की त्याचा दुसरा अर्थही उलगडतो.

सप्टेंबर १९४३ मध्ये ती २६व्या गार्ड्स टँक ब्रिगेडमध्ये रुजू झाली. कमांडर होता प्योत्र चेबोत्को, बुरुजात तोफेपाशी गेन्नादी यास्को आणि शेजारी रेडिओ व मशीनगन सांभाळणारा मिखाईल गाल्किन. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी ती पहिल्यांदा लढाईत उतरली. गोळ्यांच्या वर्षावात तिने रणगाडा पुढे घातला, शत्रूची मशीनगनची ठाणी आणि तोफा उद्ध्वस्त झाल्या. तेवढ्यात रणगाड्यालाच फटका बसला आणि तो बंद पडला. बाहेर पडायचं नाही असा हुकूम असतानाही मारिया खाली उतरली, चालू गोळीबारात दुरुस्ती केली आणि पुन्हा येऊन जागेवर बसली. त्यानंतर तिला सार्जंट करण्यात आलं. तिच्या चेष्टाही त्या दिवसापासून बंद झाल्या.

चालक हाच रणगाड्याचा मेकॅनिकही. गाडी बिघडली तर ती उभी करणं ही त्याची जबाबदारी. रणगाड्याचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे त्याचे पट्टे. जाड चिलखत तोफगोळा अडवतं, पण पट्ट्याची एक कडी तुटली की ३० टनांचं धूड जागच्या जागी बसतं आणि शत्रूला आयतं सावज मिळतं. मग कोणीतरी पहार आणि घण घेऊन बाहेर जायचं, तुटलेली कडी काढायची, नवी बसवायची, सुमारे अर्धा मीटर रुंदीचा तो लोखंडी पट्टा पुन्हा चाकांवर ओढून घ्यायचा आणि पिना ठोकायच्या. हे काम शांत वर्कशॉपमध्येसुद्धा घाम काढणारं, आणि इथे तर चहूकडून गोळ्या!

१७-१८ नोव्हेंबरच्या रात्री वितेब्स्क भागात नोवोये सेलो इथल्या हल्ल्यात नेमकं हेच झालं. तोफगोळ्याने पट्टा तुटला. मारिया आणि एक साथीदार बाहेर उतरले, आतल्यांनी गोळीबार करून त्यांना आडोसा दिला. पट्टा बसला आणि काही दिवसांनी ‘रणसखी’ पुन्हा आपल्या तुकडीला जाऊन मिळाली.

१७ जानेवारी १९४४. पुन्हा रात्रीचा हल्ला, पुन्हा वितेब्स्कचाच परिसर, श्वेदी हे गाव. ‘रणसखी’ने खंदकांमधला प्रतिकार मोडून काढला, एक स्वयंचलित तोफगाडीही उडवली. मग पुन्हा पट्ट्यावरच गोळा बसला. मारिया नेहमीसारखी बाहेर उतरली आणि कामाला लागली. पट्टा जोडून झाला. त्याच वेळी जवळ फुटलेल्या गोळ्याचे तुकडे तिच्या डोक्यात घुसले आणि ती कोसळली. तिला रुग्णालयात हलवण्यात आलं. डॉक्टरांनी दोन महिने शर्थ केली, पण १५ मार्च १९४४ रोजी तिचं निधन झालं. तिला स्मोलेन्स्क शहरात दफन करण्यात आलं. २ ऑगस्ट १९४४ रोजी तिला मरणोत्तर ‘सोव्हिएत संघाची वीर’ हा देशातला सर्वोच्च किताब देण्यात आला. रणगाडा चालवणाऱ्या स्त्रीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

पहिल्या लढाईपासून त्या शेवटच्या रात्रीपर्यंत जेमतेम तीन महिने! एवढ्यासाठी संसार विकला का, असं कोणी विचारेल. सूडाचा हिशेब मांडायचा तर उत्तर सापडणार नाही, कारण एका माणसाच्या बदल्यात किती ठाणी उडवली की फिटंफाट होते? पण मला तिच्या आयुष्यात सूडापेक्षा मोठी वाटते ती तिची कामाची निष्ठा. छावणीत रिकामा वेळ होता तेव्हा ती शिकत राहिली. प्रसिद्धी आयती मिळत होती तेव्हा तिने पाच महिने घाम गाळला. आणि शेवटचा घाव तिला बसला तो मेकॅनिकचं काम करताना, तेही पूर्ण झाल्यावर. तिच्याबरोबरचे तिघे त्या गाडीत होते, आणि गाडी पुन्हा चालती करणं हे चालकाचं काम होतं. ती बाहेर उतरली त्यामागे एवढा साधा हिशेब होता.

‘रणसखी’ पुढे लढाईत निकामी झाली. तिच्या साथीदारांना दुसरा रणगाडा मिळाला, त्यावर त्यांनी तेच नाव रंगवलं. तोही गेल्यावर पुढच्यावर पुन्हा तेच. असं करत १९४५ साली ते पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्गपर्यंत पोचले, तेव्हाही त्यांच्या रणगाड्याच्या बुरुजावर ‘बोयेवाया पोद्रुगा’ हीच अक्षरं होती. त्या नव्या गाड्यांसाठी मारियाने एक रूबलही भरलेला नव्हता. सुरुवातीला जिच्या येण्याला जवानांनी देखावा म्हटलं होतं, तिचं नाव आता तेच जवान आपल्या हाताने रंगवत होते.