गॅमा किरणांचे स्फोट कुठे होतात, हे अकरा वर्षं आधीच सांगणारे बोहदान पाचिन्स्की कोण होते?

२२ एप्रिल १९९५. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात एक जाहीर वाद रंगला होता. एका बाजूला शिकागो विद्यापीठाचे डोनाल्ड लॅम्ब, दुसऱ्या बाजूला प्रिन्स्टन विद्यापीठाचे बोहदान पाचिन्स्की.

वादाचा मुद्दा काय होता? आकाशात जवळपास रोज कुठे ना कुठे काही सेकंदांसाठी गॅमा किरणांचा लखलखाट होतो. तो आपल्या आकाशगंगेच्या परिसरात होतो, की अब्जावधी प्रकाशवर्षं दूर?

दोघांच्या उत्तरांत हजारो पटींचा फरक होता. दिवाळीच्या रात्री लांबून एक ठिणगी दिसली, तर तो शेजारच्या गल्लीतला लवंगी फटाका आहे की दहा किलोमीटरवरचा मोठा स्फोट, हे नुसतं बघून सांगता येत नाही. इथेही तसंच. अंतर हजार पट वाढलं, तर स्फोटाची ताकद दहा लाख पट धरावी लागते. म्हणूनच बहुतेकांना पाचिन्स्कींचं म्हणणं वर्षानुवर्षं पटत नव्हतं.

अणुस्फोट शोधायला गेले आणि...

हे स्फोट कुठल्या खगोलशास्त्रज्ञाने शोधलेले नाहीत. १९६३ मध्ये अवकाशात अणुचाचण्या करायला बंदी घालणारा करार झाला. सोव्हिएत संघ तो पाळतोय का, हे बघायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. पण तो अणुबॉम्बचा नव्हता. असे आणखी झोत सापडत गेले आणि १९७३ मध्ये लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनी त्यांतल्या १६ झोतांची माहिती प्रसिद्ध केली.

मग सिद्धांतांची जत्राच भरली. पुढच्या वीस वर्षांत शंभराहून जास्त कल्पना मांडल्या गेल्या. त्यातली सगळ्यांत लाडकी कल्पना होती आकाशगंगेतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांची. या ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्राच्या खुणा सापडल्याचे दावेही काही उपग्रहांच्या नोंदींवरून झाले होते. त्यामुळे प्रश्न जवळपास सुटला, असंच वातावरण होतं.

युद्धात जन्म, परदेशात मुक्काम

पाचिन्स्कींचा जन्म ८ फेब्रुवारी १९४० चा, विल्नियसमधला. हे शहर आज लिथुआनियाची राजधानी आहे. युद्ध संपल्यावर तिथल्या हजारो पोलिश कुटुंबांप्रमाणे त्यांचंही कुटुंब पोलंडला गेलं. शाळेत असतानाच ते ताऱ्यांची निरीक्षणं करायचे. अठराव्या वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला, तोही एका नावाजलेल्या खगोलशास्त्रीय नियतकालिकात.

वॉर्सात राहून त्यांनी ताऱ्यांच्या जोड्या कशा बदलत जातात, यावर काम केलं आणि जगभर नाव कमावलं. १९८१ च्या डिसेंबरमध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा ते अमेरिकेत होते. ते तिथेच थांबले आणि पुढच्या वर्षी प्रिन्स्टनमध्ये रुजू झाले. पण वॉर्साशी त्यांनी नातं तोडलं नाही. पुढे तिथल्याच सहकाऱ्यांबरोबर त्यांनी चिलीमध्ये ओगल हा प्रकल्प उभा केला. लाखो तारे रोज न्याहाळणारा हा प्रकल्प आजही चालू आहे. तो एका वेगळ्या लेखाचाच विषय आहे.

१९८६ मध्ये त्यांनी गॅमा किरणांच्या स्फोटांवर एक छोटासा निबंध लिहिला. हे स्फोट दूरच्या दीर्घिकांमध्ये होतात आणि एका सुपरनोव्हाइतकी ऊर्जा सेकंदाभरात बाहेर फेकतात, असं त्यात म्हटलं होतं. फारसं कुणी ते मनावर घेतलं नाही.

जत्रेच्या कडेला उभं राहून बघा

एप्रिल १९९१ मध्ये नासाची कॉम्प्टन ही गॅमा किरण वेधशाळा अवकाशात गेली. तिच्या आठ कोपऱ्यांवर बॅट्सी या उपकरणाचे आठ संवेदक बसवले होते. त्यामुळे सगळं आकाश एकदम बघता यायचं. पृथ्वीचं वातावरण गॅमा किरण अडवतं, म्हणून हे काम जमिनीवरून होत नाही.

स्फोट जर आकाशगंगेतले असतील, तर ते तिच्या पट्ट्यात जास्त दिसायला हवे होते. पण नकाशावर ठिपके सगळीकडे सारखेच विखुरलेले निघाले!

पाचिन्स्कींचा युक्तिवाद इथून सुरू होतो. जत्रेच्या एका कडेला उभे राहिलात, तर एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान दिसेल. चारही बाजूंना सारखीच गर्दी दिसली, तर तुम्ही बरोबर मधोमध आहात. आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यापासून सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं बाजूला आहे. म्हणजे आपण ज्या जत्रेच्या मध्यभागी उभे आहोत असं वाटतं, ती आकाशगंगेची नाही, अख्ख्या दिसणाऱ्या विश्वाची आहे.

लॅम्ब यांच्याकडे यावर उत्तर होतं आणि ते कच्चं नव्हतं. न्यूट्रॉन तारे आकाशगंगेतून वेगाने बाहेर फेकले जाऊन लाखो प्रकाशवर्षं पसरले असतील, तर इतक्या मोठ्या गोळ्यात आपलं थोडंसं बाजूला असणं लक्षातही येणार नाही.

त्यामुळे १९९५ च्या त्या वादात निकाल लागलाच नाही. लागणारही नव्हता, कारण तोवर एकाही स्फोटाचं अंतर कुणी मोजलेलं नव्हतं. बॅट्सी स्फोटाची दिशा ढोबळ सांगायचं. तेवढ्या भागात दुर्बिणीतून हजारो तारे आणि दीर्घिका दिसतात. त्यातली नेमकी कोणती?

८ मे १९९७

उत्तर इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने मिळवून दिलं. स्फोटानंतर मागे राहणारी क्ष-किरणांची धग टिपून तो काही तासांत नेमकी जागा सांगू शकत होता. ८ मे १९९७ च्या स्फोटाची जागा कळताच हवाईमधली केक दुर्बीण तिकडे वळली. अंतर निघालं. तो प्रकाश सुमारे ७ अब्ज वर्षं प्रवास करून आला होता.

पाचिन्स्की बरोबर होते.

ते तिथे थांबले नाहीत. १९९८ च्या सुरुवातीला त्यांनी लिहिलं, की हे स्फोट जिथे नवे तारे जन्मतात तिथे, प्रचंड ताऱ्यांच्या मृत्यूतून होत असावेत. अशा मृत्यूला त्यांनी नाव दिलं हायपरनोव्हा. त्याच वर्षी २५ एप्रिलला झालेल्या एका स्फोटाच्या जागी खरोखरच असाधारण तेजस्वी सुपरनोव्हा सापडला. थोड्या वेळापुरते होणारे स्फोट वेगळ्या कारणाने होतात, पण लांबणाऱ्या स्फोटांबाबत त्यांचा अंदाज टिकला.

२००४ मध्ये नासाचा स्विफ्ट उपग्रह गेला. स्फोट दिसताच तो मिनिट-दीड मिनिटात स्वतःहून तिकडे वळतो. त्याच्या मदतीने त्याहून कितीतरी दूरचे स्फोट सापडू लागले, तेही पाचिन्स्कींना बघायला मिळालं. १९ एप्रिल २००७ रोजी मेंदूच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय ६७.

पुढच्या वर्षी, १९ मार्च २००८ ला, स्विफ्टने एक स्फोट पकडला. तो प्रकाश सुमारे साडेसात अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता, तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती. तरी अंधाऱ्या जागेवरून तो काही सेकंद नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका ठळक होता. चिलीमध्ये काही छोटे कॅमेरे त्या वेळी आकाशाचा तो भाग टिपत होते. हा पाय ऑफ द स्काय नावाचा पोलिश प्रकल्प होता आणि त्याची मूळ प्रेरणा होते बोहदान पाचिन्स्की.