नगरच्या किल्ल्यातील रसिक बंदी : मौलाना अबुल कलाम आझाद

आमच्या तिसगावहून एस.टी.ने नगरला जाताना भिंगार लागले की नगरचा किल्ला जवळ आला असे समजावे. लहानपणापासून हा किल्ला मला चाँदबिबीचा म्हणून ठाऊक होता. शाळेत गेल्यावर कळले की पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ याच किल्ल्यात बंदिवासात लिहिला. पण त्याच इमारतीत, त्याच दिवसांत आणखी एक पुस्तक लिहिले जात होते, हे मला महाविद्यालयात येईपर्यंत माहीत नव्हते. त्या पुस्तकाचे नाव 'गुबारे खातिर'. लेखक मौलाना अबुल कलाम आझाद. मला उर्दू येत नाही. देवनागरी लिपीत छापलेली प्रत ग्रंथालयात मिळाली आणि अडलेल्या जागा आमच्या सरांनी समजावून दिल्या. त्या वाचनातून मला जे मौलाना दिसले, त्यांची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण मला या थोर पुरुषाजवळ नेले ते चहाच्या पेल्याने आणि सिगारेटच्या धुराने.

जगात चवीचे पारखी पुष्कळ आहेत. क्युबा बेटावरील हवानाच्या सिगारचे शौकीन तर प्रसिद्धच आहेत. पान कोणत्या भागातले, वेष्टन कसे, पहिल्या झुरक्याला कोणता स्वाद येतो, राख किती वेळ टिकते, याची ते चर्चा करतात आणि त्यावर लेखही लिहितात. क्युबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातील तंबाखू त्यांना सर्वांत उत्तम वाटते. अशा शौकिनांत इंग्लंडचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचे नाव फार मोठे. ते १८९५ साली तरुणपणी क्युबाला गेले होते आणि हवानाच्या सिगारने त्यांना जन्मभर सोडले नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या ब्रिटिश सरकारने काँग्रेसच्या नेत्यांना तुरुंगात घातले, त्याचे प्रमुख हेच चर्चिल. तिकडे लंडनमध्ये राज्यकर्त्याच्या हातात सिगार होती आणि इकडे नगरच्या किल्ल्यात त्यांच्या बंद्याच्या हातात सिगारेट व चहाचा पेला होता. दोघांत खरा पारखी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. त्यांचे वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे विद्वान व पीर होते. आई अरब घराण्यातील होती. पुढे हे कुटुंब कलकत्त्यास स्थायिक झाले. वडिलांचा आधुनिक शाळांवर विश्वास नव्हता, म्हणून मुलाचे सर्व शिक्षण घरीच झाले. इतरांना जो अभ्यासक्रम पुरा करायला विशी-पंचविशी उजाडे, तो त्यांनी सोळाव्या वर्षी संपवला. इंग्रजी मात्र त्यांना कोणी शिकवले नाही. शब्दकोश, बायबल आणि वर्तमानपत्रे समोर ठेवून ते त्यांनी स्वतः मिळवले. महाविद्यालयाची पायरी न चढलेला हा माणूस पुढे स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला!

घरात पीराची गादी तयार होती, शिष्य हात जोडून उभे होते. परंतु वडिलांकडून आलेले सर्व काही तपासून पाहिल्याशिवाय मानायचे नाही, असे या तरुणाने ठरवले. म्हणूनच त्यांनी 'आझाद' हे नाव घेतले. १९१२ साली कलकत्त्यात त्यांनी 'अल्-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. दोन वर्षांत त्याच्या २६,००० प्रती निघू लागल्या. हिंदूंच्या खांद्याला खांदा लावून मुसलमानांनी स्वातंत्र्यासाठी लढावे, हा त्याचा संदेश सरकारला मानवणारा नव्हता. सरकारने जामीन जप्त केला आणि पत्र बंद पडले. १९१६ मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले आणि १९१९ च्या अखेरपर्यंत त्यांना रांचीत नजरकैदेत राहावे लागले. १९२० च्या जानेवारीत त्यांची व गांधीजींची भेट झाली आणि असहकाराच्या लढ्यात ते अग्रभागी आले.

१० डिसेंबर १९२१ रोजी त्यांना कलकत्त्यात अटक झाली. या दिवसाची एक हकीकत त्यांनीच पुढे नगरच्या किल्ल्यात लिहून ठेवली आहे. घरातून निघताना मेजावर सिगारेटची डबी होती. सवयीने हात तिकडे गेला, पण तुरुंगात तंबाखूला परवानगी नसते हे आठवून त्यांनी तो मागे घेतला. वॉरंट घेऊन आलेल्या पोलीस अधिकाऱ्यानेच आग्रह केला, म्हणून त्यांनी ती डबी खिशात टाकली. डबीत दहा सिगारेटी होत्या. एक पोलीस कमिशनरच्या कचेरीत संपली, दुसरी वाटेत. दोन सोबत्यांना दिल्या. अलीपूरच्या तुरुंगाच्या दारात सहा उरल्या होत्या. आत पाऊल टाकण्यापूर्वी मौलानांनी डबीसकट त्या सहाही जेलरच्या स्वाधीन केल्या. पुढे तुरुंगात बरोबरच्या कित्येकांना सिगारेटी मिळत असत, पण मौलानांनी त्या दिवसापासून सुटकेपर्यंत एकही ओढली नाही. १९२३ च्या जानेवारीत ते सुटले. निघताना तुरुंगाच्या अधिकाऱ्याने आपली डबी पुढे केली. मौलानांनी त्यातली एक सिगारेट शांतपणे घेतली आणि पेटवली. सोडताना विलंब झाला नव्हता, तसा घेतानाही संकोच झाला नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

त्याच वर्षी दिल्लीच्या विशेष अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तेव्हा ते अवघे पस्तिशीचे होते. १९४० मध्ये रामगढ येथे ते पुन्हा अध्यक्ष झाले आणि १९४६ पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली आणि नेत्यांना एका खास गाडीत बसवण्यात आले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. मौलाना, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव इत्यादी कार्यकारिणीच्या सभासदांना नगरला आणले. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, भेट नाही. अशा स्थितीत मौलाना आपल्या एका वडीलधाऱ्या मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना, पत्रे लिहू लागले. ती टपालात पडणार नव्हती, हे त्यांना माहीत होते. तरीही ते लिहीत राहिले. १९४६ मध्ये ही पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

पहाटे तीन-चारच्या सुमारास ते उठत. किल्ला झोपलेला असे. स्वतःच्या हाताने ते चहा करीत. हा चहा चीनचा, मोगऱ्यासारख्या सुगंधाचा, 'व्हाइट जास्मिन' नावाचा. त्यात दूध घालणे त्यांना मुळीच पसंत नव्हते. इंग्रजांनी चहात दूध ओतून त्याची चव घालवली आणि आपण त्यांचे डोळे मिटून अनुकरण केले, अशी त्यांची तक्रार होती. साखरही अगदी स्वच्छ, काचेसारखी हवी. पहिल्या घोटाबरोबर ते सिगारेट पेटवीत. मग एक घोट, एक झुरका, पुन्हा एक घोट, पुन्हा एक झुरका. चहाची कोमलता आणि तंबाखूची कडवट तीव्रता यांच्या मिश्रणातून त्यांनी एक तिसरीच चव शोधली होती. पेल्यातला शेवटचा घोट आणि सिगारेटचा शेवटचा झुरका एकाच वेळी संपला पाहिजे, इतका त्यांचा हिशेब काटेकोर. हवानाच्या सिगारवर लिहिणारा कोणी याहून अधिक बारकाईने काय लिहील?

पण ही चैन नव्हती. बाहेर देश पेटला होता आणि बंद्यांच्या हाती काही नव्हते. दिवसातले सर्व काही सरकारने ठरवलेले, फक्त पहाटेचा तो एक तास मौलानांचा स्वतःचा होता. याच पत्रांत ते खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर लिहितात, फुलझाडे लावतात, तरुणपणी शिकलेल्या सतारीची आठवण काढतात. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्यांनी चाँदबिबीच्या काळातल्या एका हबशी सरदारावरून चीता खान असे नाव ठेवले होते.

याच किल्ल्यात त्यांच्यावर मोठा आघात झाला. त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कलकत्त्यात आजारी पडल्या. सरकारकडे काही मागणे असेल तर कळवू, असे अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी काही मागितले नाही. रोज दुपारी वर्तमानपत्र येई. पावलांची चाहूल लागताच त्यांचे काळीज धडधडे, पण ते अगदी सावकाश पत्र उचलत. हे स्थैर्य म्हणजे वरवरचे सोंग होते, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम वारल्या. अखेरची भेट झाली नाही.

१९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना नगरहून बंगालमधील बांकुऱ्याला हलवले आणि जूनमध्ये ते सुटले. पुढे शिक्षणमंत्री या नात्याने त्यांच्या कारकिर्दीत खरगपूरची आय.आय.टी., विद्यापीठ अनुदान मंडळ, साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, ललित कला अकादमी या संस्था उभ्या राहिल्या. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

आता थोडे घरचे सांगतो. माझ्या घरात महाविद्यालयात आलेला मीच पहिला. माझे आजोबा ऊसतोडीला जात. पहाटे कोपीपुढे चुलीवर गुळाचा कोरा चहा व्हायचा. आजोबा एक घोट घेत, विडीचा एक झुरका घेत, पुन्हा एक घोट. मला ते अडाणीपणाचे वाटे आणि कॉलेजातल्या मित्रांसमोर सांगायची लाजही वाटे. मौलानांचे पत्र वाचले तेव्हा मी चमकलो. जे आजोबा न बोलता करीत होते, तेच एका महापंडिताने शब्दांत मांडले होते. कामाला जुंपण्यापूर्वीचा तो पहाटेचा घोट हीच आजोबांची दिवसातली हक्काची वेळ होती. रसिकता पैशाने येते ही माझी समजूत त्या दिवशी गळून पडली.

मात्र तंबाखूचे गुणगान करावे, असा या लेखाचा हेतू नाही. तंबाखूने कर्करोग होतो, फुप्फुसे निकामी होतात, हे आज सर्वांना माहीत आहे. २००३ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्रीही करता येत नाही. आजोबांना धाप लागते आणि डॉक्टरांनी विडी सोडायला सांगितली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना त्या दहा सिगारेटींची गोष्ट सांगितली. सहा सिगारेटी जेलरला दिल्या, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. मग विचारले, सुटल्यावर पुन्हा ओढली का रे त्यांनी? खोटे सांगवेना. हो म्हणालो. आजोबा खूप हसले, मग खोकले, आणि बराच वेळ गप्प बसले. त्यांना एक बंडल दिवसाला पुरत नसे. आता दिवसाला चार विड्यांवर आले आहेत. चहा मात्र तसाच आहे, कोरा, गुळाचा.

मौलानांनी चवीवर मनापासून प्रेम केले, पण ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी ती तुरुंगाच्या दारात ठेवून ते आत गेले. पहाटेचा पेला त्यांच्या हाती होता, ते पेल्याच्या हाती नव्हते. आपल्यापैकी किती जणांना आपल्या आवडीच्या गोष्टीबद्दल असे म्हणता येईल? नगरला गेलात आणि किल्ल्यात नेत्यांची ती इमारत पाहण्याचा योग आला, तर नेहरूंच्या खोलीबरोबर मौलानांच्या खोलीसमोरही क्षणभर उभे राहा, एवढीच विनंती.