परिचारिकांच्या बाई

मुलांनो, तुम्ही कधी ना कधी दवाखान्यात गेला असालच. तेथे काम करणाऱ्या परिचारिका, म्हणजेच नर्स, तुम्ही पाहिल्या असतील. इंजेक्शन देणे, ताप मोजणे, जखमेवर पट्टी बांधणे ही कामे त्या किती सफाईने करतात! ही कामे त्यांना कोणीतरी शिकवलेली असतात. पण कसे शिकवायचे, हे त्या शिकवणाऱ्यांना कोणी शिकवले? हा प्रश्न तुम्हांला पडला नसेल. मेरी अ‍ॅडलेड नटिंग यांना मात्र तो पडला.

नटिंगबाईंचा जन्म १८५८ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात एका लहानशा गावी झाला. त्यांना संगीताची आवड होती. काही काळ त्यांनी मुलींच्या शाळेत संगीत शिकवले. १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने परिचारिकांसाठी विद्यालय उघडले. तेव्हा नटिंगबाईंनी वयाची तिशी गाठली होती. तरीही त्या पहिल्याच तुकडीत दाखल झाल्या. १८९१ साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले आणि पुढे चारपाच वर्षांतच त्या विद्यालयाच्या मुख्य झाल्या.

त्या काळी परिचारिका होणे सोपे नव्हते. शिकायला आलेल्या मुलींकडूनच रुग्णालये आपली कामे करून घेत. मुली दिवसभर रुग्णांजवळ उभ्या असत. रात्री थकून वर्गात बसल्या, की त्यांचे डोळे मिटत. दिवसभर राबल्यावर तुम्हांला कोणी धडा शिकवला, तर किती समजेल? नटिंगबाई नुसती तक्रार करत बसल्या नाहीत. कोणत्या विद्यालयात मुली किती तास काम करतात, याचे आकडे त्यांनी गोळा केले आणि १८९६ साली ते सर्वांपुढे मांडले. आपल्या विद्यालयात त्यांनी आठ तासांचा दिवस ठरवला आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला. १९०१ पासून मुलींना पहिले सहा महिने शरीराची रचना, स्वच्छता असे विषय शिकवले जाऊ लागले. त्यानंतरच त्या रुग्णांजवळ जात.

पण हे विषय शिकवणार कोण? जी परिचारिका कामात हुशार, तिलाच शिकवायला सांगत. आता पाहा, उत्तम पोहणारा प्रत्येकजण दुसऱ्याला पोहायला शिकवू शकतो का? तुमच्या शिक्षकांनीही शिक्षक होण्यासाठी वेगळे शिक्षण घेतले आहे. मग परिचारिकांच्या शिक्षकांना ते का नको?

म्हणून इसाबेल हॅम्प्टन रॉब, नटिंगबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात १८९९ साली एक अभ्यासक्रम सुरू केला. हे कॉलेज कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेले होते. पहिल्या वर्षी फक्त दोन विद्यार्थिनी होत्या! नटिंगबाई बाल्टिमोरहून सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास करून तेथे शिकवायला जात. १९०७ साली त्या त्याच कॉलेजात प्राध्यापक झाल्या. विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या जगातील त्या पहिल्या परिचारिका होत. त्याच वर्षी लॅव्हिनिया डॉक यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या परिचर्येच्या इतिहासाचे पहिले दोन खंडही निघाले.

पैशांची अडचण मात्र होतीच. १९१० साली हेलन हार्टली जेंकिन्स या बाईंनी मोठी देणगी दिली, तेव्हा कामाला जोर आला. अनुभवी परिचारिका येथे पुन्हा विद्यार्थिनी होऊन बाकावर बसत. पाठ कसा घ्यावा, विद्यालय कसे चालवावे, लोकांचे आरोग्य कसे राखावे, हे त्या शिकत. पुढे परदेशांतूनही परिचारिका येऊ लागल्या. आज आपल्या देशातही नर्सिंग महाविद्यालयात शिकवण्यासाठी परिचारिका पदवीनंतर एम.एस्सी. करतात.

नटिंगबाई १९२५ साली निवृत्त झाल्या आणि १९४८ साली वारल्या. निवृत्तीनंतर त्यांच्या जागी इसाबेल स्ट्युअर्ट आल्या. त्या नटिंगबाईंच्याच विद्यार्थिनी होत्या.