हिंदुस्थानात कधीच न आलेल्या नाइटिंगेल बाईंनी इथली गटारं कशी मोजली

१२ मे आला की बेळगाव, मिरज, इंदूर, हैदराबाद, कुठलंही नर्सिंग कॉलेज घ्या, चित्र एकच असतं. हातात दिवा किंवा मेणबत्ती घेतलेल्या मुली, समोर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची तसबीर, तिला हार, आणि पाहुण्यांच्या भाषणात रात्री दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणाऱ्या बाईंची गोष्ट. गोष्ट खरी आहे, पण ती जेमतेम पावणेदोन वर्षांची आहे. युद्ध संपल्यावर बाई आणखी ५४ वर्षं जगल्या. त्यातली तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या टेबलावर सगळ्यात जास्त कागद कुठल्या देशाचे असतील, तर ते आपल्या. आणि हा देश त्यांनी डोळ्यांनी एकदाही पाहिला नाही.

त्यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. गावाचंच नाव मुलीला ठेवलं. घर इंग्रज, गडगंज. डर्बीशायरला एक घर, हॅम्पशायरला दुसरं. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लोरेन्सला गणिताचं वेड होतं. सतराव्या वर्षी देवाने आपल्याला कामाला बोलावलं आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. काम कुठलं, हे ठरायला पुढे बरीच वर्षं गेली. रुग्णसेवा करायची म्हटल्यावर घरात रडारड झाली. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातली नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी बाई, अशीच समजूत होती. आपल्याकडे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मुलीला नर्सिंगला घालायचं म्हटल्यावर भाऊबंद काय म्हणायचे, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ते घर लगेच डोळ्यांपुढे येईल. चांगलं स्थळ बाईंनी नाकारलं. १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थला तीन महिने शिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनमधल्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचं युद्ध. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट ओळखीचे, त्यांच्या सांगण्यावरून ३८ नर्स घेऊन बाई ४ नोव्हेंबर १८५४ ला तुर्कस्तानातल्या स्कुतारीला पोचल्या. तिथलं लष्करी इस्पितळ म्हणजे एक भलीमोठी बराक, आणि खाली तुंबलेली गटारं. बाईंनी स्वयंपाकघर लावलं, कपडे धुण्याची सोय केली, अंथरूण-पांघरूण मिळवलं, रात्रंदिवस राबल्या. तरीही माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर दाखल झालेल्या शंभरात ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारं उपसली, पाण्याची वाट साफ केली, भिंतींना चुना फासला, हवा खेळती केली. जूनपर्यंत शंभरामागे मृत्यू दोनावर आले.

बाईंच्या आयुष्याचा खरा सांधा इथे आहे, असं मला वाटतं. देशात परतल्या तेव्हा त्या राष्ट्राच्या लाडक्या होत्या. मिरवून घेतलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं. त्याऐवजी त्या संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत मृतांचे आकडे मांडत बसल्या. आकड्यांनी जे दाखवलं ते जिव्हारी लागणारं होतं. शिपाई रशियन गोळ्यांपेक्षा घाणीने जास्त मेले होते, आणि नुसत्या मायेच्या शुश्रूषेने ते वाचण्यासारखे नव्हते. गटार बांधणं हे नर्सच्या हातात नसतं, सरकारच्या हातात असतं. म्हणजे सरकारला हलवायला हवं.

ते त्यांनी अंथरुणावरून केलं. क्रिमियात लागलेल्या तापाने तब्येत कायमची मोडली होती. १८५७ पासून वर्षानुवर्षं त्या खोलीबाहेर क्वचितच पडल्या. स्त्रीला मत नाही, पद नाही, आयोगावर खुर्ची नाही. मग मंत्री खोलीत यायचे, बाई प्रश्नावल्या तयार करायच्या, साक्षीदार सुचवायच्या, अहवालाचे मसुदे लिहायच्या, आणि सही दुसऱ्याची व्हायची. शांततेच्या काळातही, मायदेशी छावणीत राहणारा शिपाई त्याच वयाच्या साध्या नागरिकाच्या दुप्पट प्रमाणात मरतो, हे त्यांनी रंगीत वर्तुळाकार आलेख काढून दाखवलं. खासदार तक्ते वाचत नाहीत, चित्र बघतात, हे त्यांना पक्कं कळलं होतं. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

१८५७ च्या उठावानंतर गोऱ्या फौजेची संख्या हिंदुस्थानात वाढली आणि तिच्या आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर आला. बाईंनी पाठपुरावा केल्यावर १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. इथून तिथून सगळ्या लष्करी तळांना छापील प्रश्न गेले. पिण्याचं पाणी कुठलं? सांडपाणी कुठे जातं? बराकीत माणसामागे जागा किती? बेळगावचा कॅम्प, महू, सिकंदराबाद, पुणे, खडकी अशा छावण्यांचा तो काळ. उत्तरांचे गठ्ठे लंडनला बाईंच्या घरी आले आणि त्यांनी एकेक कागद वाचून काढला.

१८६३ चा अहवाल दोन हजारांच्या आसपास पानांचा. त्यातला एक आकडा गाजला. हिंदुस्थानातले गोरे शिपाई वर्षाला हजारी ६९ या दराने मरत होते. म्हणजे हजारांच्या पलटणीतली एक आख्खी कंपनी दर वीस महिन्यांनी मातीत जायची, आणि त्यातले लढाईत पडणारे फार थोडे. दोष उन्हाला आणि हवेला दिला जायचा. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते हिंदुस्थानची हवा माणूस मारत नव्हती. घाणेरडं पाणी, नसलेली गटारं, कोंदट बराकी आणि रिकामटेकड्या शिपायाला स्वस्तात पाजलेली दारू हे सगळं मिळून मारत होतं. त्यांनी स्वतःची टिपणी जोडली, तिला चित्रं काढून घेतली, आणि सरकारने चित्रांचा खर्च नाकारला तेव्हा तो स्वतः भरला. सर्वसामान्यांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीतून ती टिपणी वगळली गेली, तर बाईंनी ती वेगळी छापून वाटली. सरकारी अहवालाचं पुढे काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाईंना ते १८६३ मध्येच ठाऊक होतं.

१८६४ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग बसले. व्हाइसरॉय म्हणून निघालेले जॉन लॉरेन्स जाण्याआधी बाईंना भेटून गेले, आणि पुढे कित्येक व्हाइसरॉयांनी तोच पायंडा पाळला. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रिअर तर त्यांचे जवळचे सहकारीच झाले. दहा वर्षांत लष्करातला मृत्युदर हजारी १८ वर आला, हे बाईंनी १८७३ मध्ये लिहून दाखवलं.

हे सगळं झालं, पण कुणासाठी? गोऱ्या शिपायासाठी. छावणीत नळ आला तरी पलीकडच्या पेठेत विहीर तीच राहिली. बाईंच्या लक्षात हे यायला लागलं, आणि इथून त्यांचं काम रुंदावत गेलं. छावणी आणि बाजार यांच्यामध्ये भिंत घालून पटकी अडत नाही, तेव्हा शिपाई वाचवायचा तरी गाव वाचवावं लागेल, असा आधी त्यांचा हिशोब होता. पुढे शिपाई मागे पडला आणि रयतच मुख्य झाली. या मधल्या प्रवासात अपयशही होतं. हिंदुस्थानातल्या इस्पितळांत शिकलेल्या नर्स आणण्याची योजना त्यांनी १८६५ मध्ये तयार केली होती, ती सरकारने खर्चाचं कारण देऊन सोडून दिली. लष्करी इस्पितळांसाठी शिकलेल्या नर्सची पहिली तुकडी मुंबईला उतरली ती १८८८ मध्ये, तेवीस वर्षांनी.

इंग्लंडात गरिबांच्या बाबतीत त्यांनी हाच आग्रह धरला होता. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची नर्सिंग शाळा सुरू झाली. तिथे शिकलेल्या अ‍ॅग्नेस जोन्स १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमातल्या दवाखान्यात गेल्या. तोवर तिथल्या आजाऱ्याला आजारीच कंगाल सांभाळायचा. तीन वर्षांत अ‍ॅग्नेस टायफसने गेल्या, वय अवघं पस्तीस. पैसे नसलेला रोगी हा आधी रोगी आहे, मग कंगाल, आणि त्याच्या उपचाराचा बोजा सगळ्या शहराने मिळून उचलायचा, हे बाई मंत्र्यांच्या गळी उतरवत राहिल्या. १८६७ च्या कायद्यात त्यातलं अर्धंमुर्धं आलं.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ. मद्रास, म्हैसूर, निजामाचा मुलूख, आणि आपल्याकडे सोलापूर, नगर, सातारा, बेळगाव, धारवाड, कलादगी. सीमेच्या अलीकडे-पलीकडे आज जे जिल्हे आहेत, त्यांतलं क्वचितच एखादं गाव सुटलं असेल. बाईंनी यावर १८७८ मध्ये लंडनच्या एका मोठ्या मासिकात लेख लिहिला, आणि तो परिचारिकेचा लेख मुळीच वाटत नाही. पावसाला दोष देऊन त्या थांबल्या नाहीत. कालवे का नाहीत, सारा किती आणि कधी वसूल होतो, दख्खनचा कुणबी सावकाराच्या वहीत पिढ्यान् पिढ्या कसा अडकतो, हे सगळं त्यांनी मांडलं. पोट रिकामं असेल तर औषध काय करणार, इतका साधा मुद्दा होता. जमीनदारी आणि पाटबंधाऱ्यांवर त्यांनी एक आख्खं पुस्तकही लिहायला घेतलं होतं. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही, आणि माझ्या मते ती मोठी हानी आहे.

बाईंना देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. इंग्रजी राज्य नसावं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ते चांगलं चालावं, एवढंच त्यांचं मागणं. रोग जंतूंमुळे पसरतो, हे त्यांनी फार उशिरा आणि कुरकुरत मानलं. आणि नर्सच्या सरकारी नोंदणीला तर त्यांनी कडाडून विरोध केला. परीक्षा देऊन यादीत नाव आलं म्हणजे चांगली नर्स झाली असं नाही, असा त्यांचा पक्ष. तो काळाने मोडून काढला. आज महाराष्ट्रात शिकलेल्या मुलीला बेळगावात नोकरी धरायची तर तिला इकडच्या कौन्सिलचा नंबर काढेपर्यंत किती खेटे पडतात, हे तिच्या घरच्यांना विचारा. अशा वेळी बाईंची आठवण यावी, पण नोंदणी नसती तर त्याच मुलीला कंपाउंडरपेक्षा जास्त पगार कुणी दिला असता, हाही प्रश्न आहेच.

उतारवयात त्यांचा सगळा पत्रव्यवहार हिंदी लोकांशी वाढत गेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी खेड्यांच्या स्वच्छतेवर लिहिणं-बोलणं चालवलं. मुंबई इलाख्याचा ग्रामस्वच्छता कायदा १८८९ मध्ये झाला, त्यावर त्यांची बारीक नजर होती. कायदा करून भागत नाही, गावाकडे पैसा नाही, हे त्यांना दिसत होतं. म्हणून १८९२ च्या सुमारास त्यांनी मागणी केली की गावातून जो लोकल फंडाचा कर गोळा होतो, त्यावर पहिला हक्क त्याच गावाच्या पाण्याचा आणि स्वच्छतेचा असावा, रस्ते वगैरे मागाहून. सरकारने कौतुक केलं आणि मागणी बाजूला ठेवली. ग्रामपंचायतीच्या निधीतून आधी कमान की आधी गटार, हा वाद आजही ग्रामसभेत ऐकू येतो, तो असा जुना आहे. खेड्यात नुसते हुकूम पाठवून उपयोग नाही, त्यांच्याच भाषेत, घरोघरी जाऊन बायकांना समजावणारी माणसं पाहिजेत, हेही त्या सांगत. आशाताईंचं काम पाहिलं की हे सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय, याचं नवल वाटतं.

१८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून उभे राहिले, तेव्हा बाईंनी त्यांना पाठिंब्याचं पत्र पाठवलं. त्याच वर्षी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचं दयाराम गिदुमल यांनी लिहिलेलं चरित्र निघालं, त्याला प्रस्तावना बाईंची. याच दोघांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं. पुढच्या वर्षी पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं, आणि काही वर्षांतच तिथल्या मुली, त्यांत कितीतरी विधवा, ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या.

तोवर बाईंची दृष्टी गेली होती. अहवाल दुसऱ्याने वाचून दाखवावे लागत, मग तेही थांबलं. १९०७ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट दिला, स्त्रीला मिळालेला पहिला. १३ ऑगस्ट १९१० रोजी दुपारी झोपेतच त्या गेल्या, वय ९०. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत राजेरजवाड्यांच्या शेजारी दफन करायची तयारी होती, घरच्यांनी नाही म्हटलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो या लहानशा गावात आईवडिलांजवळ त्यांना ठेवलं. दगडावर त्यांचं पूर्ण नावही नाही, दोन आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची सालं, एवढंच आहे.