पंडिता रमाबाई : स्वतः वाचून पारखलेला धर्म

ख्रिस्ती धर्मात पंथ अनेक आहेत. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट या प्रत्येकाची उपासनेची रीत वेगळी आणि शिकवणीचा भरही वेगळा. मग श्रद्धेचा गाभा कोणता आणि परंपरेने त्यावर चढवलेले आवरण कोणते, हे सामान्य श्रद्धावंताने कसे ओळखावे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाशी इंग्लंडमध्ये एकाकी झुंजलेली एक मराठी स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. शारदा सदनाच्या संस्थापिका म्हणून आणि धर्मांतरावरून उठलेल्या वादळामुळे महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तथापि, ज्या चर्चमध्ये त्यांनी प्रवेश केला, त्याच चर्चशी त्यांनी घातलेला वाद फारसा परिचित नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा दंडक झुगारून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. हे कुटुंब तीर्थाटन करीत, पुराण सांगत देशभर फिरत असे. १८७०च्या दशकातील दुष्काळाने त्याचा घास घेतला. व्रते, दाने, अनुष्ठाने करूनही आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीत व आजारात गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कोलकात्याला पोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले.

याच काळात त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः वाचले. इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र एकमत आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गुरूच्या तोंडून ऐकलेले प्रमाण न मानता मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर सोडून गेली नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. सिल्चरच्या घरात पतीच्या ग्रंथसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. १८८२ मध्ये पती पटकीने दगावले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. पुढील वर्षी वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी साथ दिली नाही आणि तो बेत फसला.

वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सन्मानाने नव्याने उभे करण्याचे या भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेले संभाषण वाचले. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, अर्थात फादर नेहेमिया गोऱ्हे, यांच्या लेखनाने काही शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

खरा संघर्ष त्यानंतर सुरू झाला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवत असताना त्यांचा आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. रमाबाई त्यांना मायेने आजीबाई म्हणत. पण मतभेदांच्या बाबतीत ही माया आड आली नाही. देव एक असून तीन व्यक्तींत आहे हा त्रैक्याचा सिद्धान्त आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांच्या मनात शंका होत्या. सगळ्यांत जास्त खुपत होता तो अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार. त्यातील सिद्धान्त जसाच्या तसा न मानणाऱ्याचा नाश होईल असे तो बजावतो. हा मजकूर स्वतः अथनेशियसचा नसून त्याच्यानंतर लॅटिनमध्ये रचला गेला, असे अभ्यासक मानतात.

रमाबाईंची भूमिका स्पष्ट होती. आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत, कोणा एका पंथात नव्हे. त्यामुळे धर्मगुरूच्या प्रत्येक शब्दाला मान तुकवण्याचे बंधन आपल्यावर नाही. शास्त्रात जे सापडेल आणि सदसद्विवेकाला पटेल तेच आपण स्वीकारू. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा प्रश्नही त्यांनी केला. शाकाहार सोडण्यास नकार दिला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तिचा निषेध केला. रूढी आणि श्रद्धा यांची गल्लत त्यांना मान्य नव्हती.

जेराल्डीन यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. एकट्याने शास्त्र वाचणारा विद्वानही चुकू शकतो, हा चर्चचा जुना अनुभव होता. एरियसही शास्त्राचाच आधार घेत होता. त्याच्या मताच्या खंडनासाठी इ. स. ३२५ मध्ये निकियाची परिषद भरली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा विचारमंथनातूनच मतांगीकार घडले. नवदीक्षितेने आधी नम्रपणे शिकावे, ही त्यांची अपेक्षा त्यातून आली होती. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र अधिक धीर धरला. शंका दडपल्याने श्रद्धा वाढत नाही, हे त्या जाणून होत्या.

या वादात रमाबाईंना गमावण्यासारखे पुष्कळ होते. परक्या देशातील आश्रय याच भगिनींचा होता आणि लेकही त्यांच्याच सांभाळात होती. तरीही मनोरमेला काय शिकवावे, हे ठरविण्याचा आईचा अधिकार त्यांनी सोडला नाही.

पुढे ख्रिस्ताचे देवत्व त्यांनी स्वीकारले, पण ते अभ्यासाअंती आणि स्वतःच्या वेळी. १८९१च्या सुमारास त्यांना आणखी एक उणीव जाणवली. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने स्वीकारला, ख्रिस्त मात्र आपल्याला भेटलाच नव्हता, असे त्यांना वाटले. सिद्धान्त अचूक असणे आवश्यक, पण तेवढे पुरेसे नाही, या निष्कर्षाला त्या आल्या.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. मुली तेथे येऊन बसू लागल्यावर ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार मात्र बंद झाले नाही.

केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळपीडित मुलींना आसरा दिला. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली आक्रोश करीत, काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. काही मिशनरींना हा निव्वळ उन्माद वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. मात्र अन्य भाषांत बोलणे हीच पवित्र आत्मा लाभल्याची एकमेव खूण आहे, या मताला शास्त्राचा आधार नाही, असेही त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. वाँटेजमध्ये बिशपांच्या शब्दाला लावलेली कसोटी त्यांनी घरच्या उत्साहालाही लावली.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द साध्या बाईला उमजत नाहीत, शिवाय त्यांना जुन्या दर्शनांचे अर्थ चिकटलेले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. मुक्ती सदनाच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रियाच करीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. शास्त्र काय सांगते हे दुसऱ्याला न विचारता उघडून वाचता यावे, ही सोय त्यांनी आपल्यामागे खेड्यातील बाईसाठी करून ठेवली.

इंग्लंडमधील वादाची पत्रे टिकली, ती सिस्टर जेराल्डीन यांनी जपून संकलित केल्यामुळे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती प्रसिद्ध केली. शिष्येच्या हट्टाने व्यथित झालेल्या आजीबाईंनी तिचा एकेक युक्तिवाद आपल्या उत्तरांसह सांभाळून ठेवला होता.